एका परिचारिकेची नजर

वैद्यकाचा इतिहास म्हटला की जेन्नर, पाश्चर, फ्लेमिंग ही नावे विद्यार्थ्यांच्या ओठांवर येतात. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभी असणारी परिचारिका मात्र त्या इतिहासात क्वचितच आढळते. आज असंख्य रुग्णालयांत काविळीच्या तान्ह्या बाळांना निळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली ठेवतात. या उपचाराचा उगम एका परिचारिकेच्या निरीक्षणात आहे.

रक्तातील तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत ते पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. त्याचे प्रमाण फार वाढले तर मेंदूला कायमची इजा होते. पूर्वी अशा बाळाचे रक्त बदलणे हाच मुख्य उपाय होता आणि तो जोखमीचा होता.

१९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा कक्ष सांभाळीत. मोकळी हवा व ऊन बाळांना मानवते, या समजुतीने त्या त्यांना अंगणात नेत. एका बाळाचे अंग फिकट झालेले, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भाग तेवढा गडद पिवळा राहिलेला, असे त्यांना दिसले. त्यांनी ते डॉक्टरांच्या नजरेस आणले. पुढे उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कमी भरले. मग डॉ. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापे घेतली, दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६८ साली अमेरिकेत डॉ. ल्यूसी यांच्या चाचणीनेही त्यास पुष्टी दिली. प्रकाशाने बिलिरुबिनचे रूप बदलते व ते शरीराबाहेर सहज पडते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये दोन वर्षांची तपासणी होती. आज मोबाइलवर घरगुती उपचाराचा संदेश क्षणात हजारो घरी पोहोचतो; मधली तपासणी कोणी केली, हे कोणी विचारीत नाही. बाळ पिवळे दिसले तर नुसते उन्हात ठेवून स्वस्थ बसू नये, त्वरित डॉक्टरांना दाखवावे. बिलिरुबिन किती आहे हे रक्त तपासून किंवा योग्य यंत्राने मोजूनच कळते. नुसत्या डोळ्यांनी त्याचा नेमका अंदाज येत नाही.

पालकहो, परिचारिकेचे काम म्हणजे केवळ हुकूम पाळणे, असा समज अजूनही काही घरांत आहे. मुलीने या शिक्षणाची इच्छा बोलून दाखवली की 'दुसरे काही बघ' असे उत्तर मिळते. यंत्रे पुढेही नवनवी येतील. परंतु बाळाच्या अंगावरील तो पिवळा डाग पाहून 'असे का?' म्हणून विचारणारे माणूस लागणारच. तुमची मुलगी विज्ञान शिकून, अंगी सेवाभाव बाणवून त्या जागी उभी राहू इच्छित असेल, तर तिची वाट अडवू नका.