पडद्यावरील धर्मसमाज आणि भोपाळचा 'मुहाफिज'

एखाद्या धर्मसमाजाचे पडद्यावरील चित्रण वास्तव आहे असे केव्हा म्हणावे? वेशभूषा आणि भाषा बिनचूक असणे ही कसोटी पुरेशी नाही. १९६०च्या 'चौदहवीं का चाँद'मध्ये लखनवी अदब जागोजागी आहे. मुसलमान कुटुंबाचा उदरनिर्वाह कसा चालतो, हे मात्र त्यात फारसे कळत नाही. त्याच वर्षीच्या 'एल्मर गँट्री' या अमेरिकी चित्रपटात इव्हँजेलिकल ख्रिस्ती धर्मप्रचारक मुख्यतः ढोंगी म्हणून दिसतो.

पुढे १९९७मध्ये रॉबर्ट ड्युवाल यांनी स्वतःच्या पैशाने 'द अपॉसल' काढला. त्यातील दक्षिणेकडचा धर्मोपदेशक रागाच्या भरात पत्नीच्या प्रियकराला बॅटने मारतो, पळून जातो आणि लुइझियानात नवे चर्च उभारतो. त्याचा गुन्हा खरा आहे, श्रद्धाही खरी आहे. आपल्याकडे हे काम एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ने (१९७३) आधीच केले होते. आग्र्याच्या सलीम मिर्झांचा जोड्यांचा कारखाना, नाकारलेले कर्ज, भाऊ पाकिस्तानात गेल्यामुळे हातची गेलेली हवेली : फाळणीनंतरचे मुसलमान जीवन तेथे व्यवहारातून कळते.

या कसोटीवर भोपाळमध्ये चित्रित झालेला इस्माईल मर्चंट यांचा 'मुहाफिज' (१९९३) तपासण्याजोगा आहे. अनिता देसाई यांच्या १९८४च्या कादंबरीतील शायर नूर दिल्लीत राहतो. चित्रपटाने त्याला भोपाळला आणले. शशी कपूर यांचा नूर थोर शायर आहे, तसाच खादाड आणि मद्यपीही आहे. त्याच्या दोन बायकांची भांडणे लपवलेली नाहीत. कलादिग्दर्शक सुरेश सावंत यांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला मात्र सर्वांत खरा वाटतो तो ओम पुरी यांचा हिंदीचा प्राध्यापक देवेन आणि त्याचा तो ऐनवेळी दगा देणारा टेपरेकॉर्डर. विभागाच्या अनुदानातून ज्यांनी एखादी वस्तू खरेदी केली आहे, त्यांना त्याची फजिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही मुसलमान म्हणजे ढासळती हवेली आणि मावळती शायरी, हा जुना साचा येथेही पूर्ण सुटलेला नाही. चित्रीकरणाच्या वेळी २-३ डिसेंबर १९८४च्या वायुकांडाला दहा वर्षेही झाली नव्हती. कारखान्याजवळच्या जुन्या भोपाळमधील गरीब वस्त्यांना, हिंदू आणि मुसलमान दोघांनाही, त्याची सर्वाधिक झळ बसली होती. नूरच्या कथेला त्या वस्त्यांची गरज भासली नाही.