सामाजिक शास्त्रांतील प्राथमिक संख्याशास्त्र आणि श्राव्य अध्यापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संख्याशास्त्र हा सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमाचा अपरिहार्य घटक असला तरी अनेक विद्यार्थ्यांना तो धास्तीचा विषय वाटतो. वर्गात शंका विचारता येते, फळ्यावरील कोष्टक पुन्हा पाहता येते. नोकरी सांभाळून घरी शिकणाऱ्याला ही सोय नसते. अशा विद्यार्थ्याला आवाजाच्या आधारे संख्याशास्त्र कसे शिकवावे, हा प्रश्न ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठापुढे उभा राहिला. त्या प्रयत्नाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नभोवाणीचा टप्पा

मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात प्रसारणाद्वारे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे मंत्री जेनी ली यांनी तिचा नेटाने पाठपुरावा केला. १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठास राजसनद मिळाली व जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. टपालाने येणारी छापील पुस्तके हा त्याचा मुख्य आधार होता. जोडीला बीबीसीचे दूरचित्रवाणी व नभोवाणी कार्यक्रम होते.

नभोवाणीवरील व्याख्यान ठरलेल्या वेळीच ऐकावे लागे. कामाच्या पाळीमुळे ते चुकले, तर पुनःप्रसारणाखेरीज उपाय नसे. संख्याशास्त्राबाबत अडचण अधिक गंभीर होती. उदाहरणार्थ, पाच कुटुंबांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे ४, ५, ६, ७ व ३८ हजार रुपये असल्यास मध्यमान १२ हजार येते, तर मध्यांक केवळ ६ हजार. एका श्रीमंत कुटुंबामुळे सरासरी फसवी कशी ठरते, हे आकडे डोळ्यांसमोर असतील तर क्षणात उमगते. पण केवळ कानावर पडलेले आकडे ध्यानात ठेवून मनात मांडणी करणे नवशिक्यास कठीण जाते. शिवाय व्याख्यानाची गती त्याच्या हाती नसते.

ध्वनिफीत आणि मुद्रित पान

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली कॅसेट १९७० च्या दशकात घरोघरी पोहोचली. मुक्त विद्यापीठाने ध्वनिफिती टपालाने पाठविण्यास आरंभ केला. गणित विद्याशाखेत ध्वनिफितीबरोबर क्रमांकित चौकटींची छापील पाने देण्याची पद्धत विकसित झाली. शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याला विशिष्ट चौकटीकडे नेई, तेथील आकृती उलगडून सांगे, मग फीत थांबवून उदाहरण स्वतः सोडविण्यास सुचवी. ही पद्धत ‘ऑडिओ-व्हिजन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. विद्यापीठातील माध्यमांचे अभ्यासक टोनी बेट्स यांनीही प्रसारणाच्या तुलनेत ध्वनिफितीचे महत्त्व दाखवून दिले. तिच्यावर विद्यार्थ्याचे नियंत्रण असते, हे त्याचे प्रमुख कारण होते.

१९८३ मध्ये ‘स्टॅटिस्टिक्स इन सोसायटी’ हा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू झाला. गणित, सामाजिक शास्त्रे, विज्ञान व तंत्रज्ञान या चारही विद्याशाखांची चिन्हाक्षरे त्याच्या संकेतांकात होती. संख्याशास्त्र ही केवळ गणितज्ञांची मिरास नव्हे, ही भूमिका त्यातून व्यक्त होते.

भारतीय संदर्भ

भारतातील मुक्त विद्यापीठांनी याच परंपरेतून प्रेरणा घेतली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, तर १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २००१ मध्ये अलाहाबाद येथून ‘ज्ञानवाणी’ ही शैक्षणिक एफएम सेवा सुरू झाली. तिने श्राव्य अध्यापनाचा विस्तार केला. परंतु ठरलेली वेळ व निसटून जाणारा शब्द या प्रसारणाच्या मूळ मर्यादा तिलाही लागू होत्या.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संख्याशास्त्राच्या श्राव्य अध्यापनाचे यश आवाज किती दूर पोहोचतो यापेक्षा तो थांबविता येतो काय आणि त्याच्या जोडीला कोष्टक आहे काय, यावर अवलंबून राहिले. आज कॅसेटची जागा मोबाईलवरील ध्वनिमुद्रणाने घेतली आहे. थांबविण्याची सोय सर्वांना आहे, पण सोबतचे पान मात्र अनेकदा नसते. ते नसेल, तर आकड्यांना बिचकणारा विद्यार्थी व्याख्यान ऐकेल, परंतु संख्याशास्त्र शिकेलच असे नाही.