नाकारलेल्या घासाचा इतिहास

हडपसरसारख्या उपनगरातील शाळेत मधल्या सुट्टीत खिचडी वाटली जात असताना एखादे मूल तोंड घट्ट मिटून बसते. ते स्वमग्न असेल किंवा त्याला बौद्धिक अक्षमता असेल, तर ‘हट्टी आहे’ किंवा ‘त्याला कळतच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत हे उमगायला मानसशास्त्राला बराच काळ लागला.

आरंभी या शास्त्रात अन्न हा प्रश्न नव्हता, ते साधन होते. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरला आवडीचा खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. १९४९ साली पॉल फुलर यांनी अंथरुणाला खिळलेल्या, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या १८ वर्षांच्या मुलावर प्रयोग केला. हा काही शिकूच शकणार नाही, असे डॉक्टर मानत होते. त्याने उजवा हात हलवला की तोंडात थोडे गोड दूध द्यायचे, एवढेच फुलर करत. काही बैठकांतच तो मुलगा हात उचलू लागला. ज्या कृतीमागून सुखद परिणाम येतो ती कृती वाढते. स्किनर यांनी मांडलेल्या या तत्त्वाला प्रबलन म्हणतात.

पण जो शिकू शकतो, तो नाकारायलाही शिकू शकतो! १९५९ साली कॅनडातील एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि मायकेल यांनी भरवल्याशिवाय न जेवणाऱ्या प्रौढ रुग्णांचा अभ्यास केला. न जेवल्यामुळे परिचारिकेचा सहवास मिळतो, हेच त्या नकाराचे प्रबलन असावे, असा त्यांचा तर्क होता. त्यातील एका स्त्रीला स्वच्छ कपड्यांची फार आवड होती. भरवताना तिच्या कपड्यांवर मुद्दाम थोडे अन्न सांडू लागताच ती स्वतःच्या हाताने जेवू लागली. असा उपाय आज आपल्याला रुचणार नाही. मात्र ‘नकारातून काय मिळते?’ हा प्रश्न तेव्हापासून पुढे आला.

१९८४ साली रिऑर्डन, आयवाटा आणि सहकाऱ्यांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांच्या अन्ननकाराचा असाच पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. २००३ साली पियाझा आणि सहकाऱ्यांनी १५ मुले तपासली. ज्या १० मुलांत कारण स्पष्ट दिसले, त्यांतील ९ जणांना नकारातून घासापासून सुटका मिळत होती.

हे कसे घडते? समजा, जठरातील आम्ल वर येऊन बाळाच्या घशात जळजळ होते. बाळ तोंड फिरवते, आई कळवळून चमचा मागे घेते, बाळाला हायसे वाटते. नकोशी गोष्ट टळल्याने कृती बळावते, यालाच ऋण प्रबलन म्हणतात. ही शिक्षा नव्हे. पुढे जळजळ बरी होते, पण शिकलेला नकार उरतो. चिऊकाऊचे घास करूनही भागत नाही, कारण नुसत्या कौतुकापेक्षा सुटका मोठी ठरते.

म्हणून उपचारात चमचा लगेच मागे न घेणे हा भाग आला. पण ही पद्धत वर्गात वापरण्याची नव्हे. तिच्यामुळे रडणे आधी वाढू शकते. गिळण्याचा दोष असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांची तपासणी, मग प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखाली कणभर घास, मऊकडून घट्टाकडे पायरी-पायरीने वाटचाल आणि प्रत्येक घासानंतर आवडीचे काही, हा क्रम सांभाळावा लागतो.

मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. अशा विशेष शाळांत स्वतःच्या हाताने जेवणे हा शिक्षणाचाच भाग असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समावेशक शिक्षणावर भर दिल्यापासून ही मुले आपल्या वर्गातही आहेत. शिक्षकाने सक्ती करू नये. नकाराआधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर आपण काय केले, या तीन गोष्टी आठवडाभर वहीत लिहाव्यात. पालकांना आणि डॉक्टरांना ती वही ‘हट्टी’ या एका शब्दापेक्षा कितीतरी अधिक सांगेल.