कगालागादी उद्यानातील ताफा-सफारी
दक्षिण आफ्रिका व बोट्सवाना यांच्या सीमेवरील कालाहारी वाळवंटात स्वतःच्या गाड्या चालवत गटाने केलेला वन्यजीवप्रवास. दोन्ही देशांची उद्याने जोडून २००० मध्ये हे सामाईक उद्यान खुले झाले. त्याचा बराच मोठा भाग बोट्सवानात आहे. मऊ वाळूचे चढ पार करण्यासाठी टायरमधील हवा कमी करतात. गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापते. गाडीखाली साचलेले वाळके गवत पेटही घेते. दुर्गम वाटांवर एकट्या गाडीला सोडत नाहीत, त्यामागे हेही कारण. पाणी, इंधन, सरपण सोबतच न्यावे लागते. उद्यानातील माबुआसेहुबे भागाच्या तळांना कुंपण नाही, त्यामुळे सिंह थेट तंबूंपर्यंत येतात. काळ्या आयाळीचे हे सिंह व गेम्सबॉक कुरंग हेच खरे आकर्षण. हत्तींसाठी मात्र बोट्सवानाच्या उत्तरेकडील चोबे उद्यान गाठावे.