फणियम्मा : दुःखाने कडवट न झालेली विधवा

म्हैसूर संस्थानाचा कारभार बंगळुरूहून चालत असे. या संस्थानाने १८९४ साली आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. तत्पूर्वी १८५६ साली ब्रिटिश हिंदुस्थानात विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळालेली होती. परंतु ज्या मुलींच्या कपाळीचे कुंकू आधीच पुसले गेले होते, त्यांचे उरलेले आयुष्य कसे गेले, याची नोंद कायद्याच्या दप्तरात सापडत नाही. ती कादंबरीने ठेविली.

एम. के. इंदिरा (१९१७-१९९४) यांची ‘फणियम्मा’ ही कन्नड कादंबरी १९७६ साली प्रसिद्ध झाली. लेखिका मलनाडातील, बालपणीच विवाह झाल्याने शिक्षण खुंटलेल्या आणि चाळिशी उलटल्यावर लेखनाकडे वळलेल्या. आपल्या आप्तांतील एका वृद्ध विधवेने आईला सांगितलेली जीवनकहाणी त्यांनी कादंबरीत गुंफली. फणियम्मा हे पात्र कल्पित खरे, पण त्यामागे शंभरी ओलांडलेल्या एका खऱ्या स्त्रीचे आयुष्य उभे आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. अजाण वयात फणियम्माचे लग्न होते आणि थोड्याच काळात पती सर्पदंशाने दगावतो. ती वयात येताच तिचे केशवपन होते. पुढे एकभुक्त राहणे, सोवळे आणि अखंड घरकाम. संसार म्हणजे काय हे जिला कधी कळू दिले नाही, तिनेच इतरांची बाळंतपणे नि आजारपणे काढावयाची, असा हा विपरीत न्याय आहे. तरीही तिच्या मनात विष साचत नाही.

येथेच वाचकाने सावध राहावयास हवे. दुःख देणारा समाज दुःख सोसणाऱ्याच्या सोशिकपणाचे कौतुक मोठ्या हौसेने करतो, आणि ते कौतुक अन्यायाला सोयीचे ठरते. फणियम्मा केवळ सोशिक असती, तर तिच्याविषयीचा आदर हा त्या सोयीचाच भाग झाला असता. तिची दयाबुद्धी मात्र दोन प्रसंगी रूढीच्या भिंतीवर धडकते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका स्त्रीचे बाळंतपण अडते, तेव्हा आयुष्यभर सोवळे पाळलेली ही वृद्धा तिच्या मदतीस जाते. आणि दाक्षायणी ही तरुण विधवा केशवपनास ठाम नकार देते, तेव्हा फणियम्मा तिची पाठराखण करते. ‘आम्ही सोसले, तुम्हीही सोसा’ हा पिढीजात न्याय तिच्यापाशी येऊन थांबतो. स्वतःच्या वाट्याला आलेले दुःख पुढच्या मुलीच्या हाती न सोपविणे, हेच तिच्या चांगुलपणाचे खरे माप होय.

मराठी वाचकाला या ठिकाणी हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली ही कादंबरी यमूच्याच तोंडून सांगितलेली आहे. यमूला सुधारक वृत्तीचा, प्रेमळ पती लाभतो. त्याच्या मृत्यूनंतर मात्र तिचे केशवपन बळजबरीने केले जाते आणि ती अकाली संपते. हरिभाऊंना आपल्या समकालीनांना जागे करावयाचे होते, म्हणून यमूचे मरण हाच त्यांचा सवाल ठरला. इंदिरांनी मागे वळून पाहिले ते सुमारे आठ दशकांनी. त्यांची नायिका जगते आणि तिच्या दीर्घ जगण्यातून तोच सवाल अधिक शांतपणे उभा राहतो. यमू वाचून चीड येते. फणियम्मा वाचून प्रथम आदर वाटतो आणि मग त्या आदराचीच लाज वाटू लागते, कारण एवढ्या मोठ्या मनाची परीक्षा पाहण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

बंगळुरूच्या ‘बेनक’ नाट्यसंस्थेशी निगडित असलेल्या प्रेमा कारंत यांनी या कादंबरीवर त्याच नावाचा चित्रपट केला. उत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. तेजस्विनी निरंजना यांच्या इंग्रजी अनुवादाने १९८९ मध्ये ही कादंबरी कन्नडच्या सीमेपलीकडे नेली. एका घरातील माजघरात एका स्त्रीने दुसरीला सांगितलेली ही गोष्ट अशी सर्वांची झाली. केशवपनाची रूढी आज इतिहासजमा झाली आहे. सोसलेले दुःख पुढच्या पिढीच्या पदरी बांधण्याची सवय मात्र तितक्या सहजपणे सुटत नाही. म्हणून फणियम्माचा मोठेपणा जुना होत नाही.