नळी, नेम आणि कायदा



रायफल कोणत्या बोअरची घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यामधला वाटतो. परंतु आपल्या देशांत गेलीं सुमारें दीडशें वर्षें त्याचें उत्तर बहुधा सरकारानें दिलेलें आहे. आणि सरकार कोणास भीत होतें व कोणाची काळजी वाहत होतें, हें त्या उत्तरांत स्पष्ट उमटलेलें आहे. म्हणून आज हा विषय इतिहासाच्या दृष्टीनें मांडावयाचा आहे.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. इंग्रजी पद्धतींत तो इंचाच्या दशांश अपूर्णांकांत सांगतात. .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर, .३०३ म्हणजे ७.७ आणि .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. आंकड्यांत अंतर थोडें दिसतें. परिणामांत तें फार मोठें आहे. .२२ ची गोळी सुमारें २.६ ग्रॅम वजनाची व तिचा वेग सेकंदास सुमारें ३३० मीटर. .३०३ ची लष्करी गोळी ११.३ ग्रॅमची व वेग सेकंदास ७४४ मीटर. वेगाचा वर्ग करून हिशेब मांडला, तर पहिलीची शक्ति सुमारें १४० ज्यूल व दुसरीची सुमारें ३१०० ज्यूल, म्हणजे बावीसपट भरते.

निशाणबाजास ही शक्ति नकोच असते. कागदास भोंक पाडण्यास १४० ज्यूल पुष्कळ झाले. पन्नास मीटरांवरील लक्ष्यांत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. खांद्यास धक्का बसत नसेल, तरच साठाव्या गोळीपर्यंत हात स्थिर राहतो. हरणाचें गणित उलट आहे. दुबळी गोळी लागलेलें हरिण जागीं पडत नाहीं. तें झाडींत शिरतें आणि तासन् तास तडफडून मरतें. तेथें शक्ति हीच दया होय.

गोळीची घडणही तितकीच महत्त्वाची. पूर्ण कवचाची गोळी अंगांतून आरपार निघून जाते. मऊ टोकाची गोळी आंत पसरते व प्राण लौकर जातो. अशी पसरणारी गोळी १८९० नंतरच्या दशकांत कलकत्त्याजवळ दमदम येथील शस्त्रशाळेंत .३०३ रायफलीसाठीं तयार झाली आणि त्या गांवाचें नांव जगभर झालें. १८९९ च्या हेग परिषदेनें तिचा युद्धांतील वापर निषिद्ध ठरविला. माणसांच्या युद्धांत जिला क्रूर म्हटलें, तीच गोळी शिकारींत कमी क्रूर ठरली, हा विरोध ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

आतां कायद्याकडे वळूं. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगतां येईना. युरोपियनांस मात्र सूट होती. पुढें लष्कराच्या बोअरचीं हत्यारें खासगी हातांत जाऊं नयेत, असें धोरण ठरलें. कारण लष्कराचें काडतूस चोरलें, तरी तें चालविण्यास नळी मिळतां कामा नये. .३०३ वर बंदी आली. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरही निषिद्ध झाला, आणि विलायती कारखानदारांनीं लागलीच .४६५ व .४७० अशा नव्या रायफली काढल्या. सामान्य शिकाऱ्यासाठीं बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीनें .३१५ ची रायफल दिली. तिचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या मॅन्लिखर रायफलीचें. तिची गोळी जड व मंद. लांब पल्ल्यावर ती लौकर खालीं येते. ती हरणास पुरेशी, पण सूक्ष्म निशाणास गैरसोयीची. तरी हिंदुस्थानांत ती रूढ झाली, ती गुणामुळें नव्हे, तर कायद्यानें सोडलेल्या फटीमुळें.

ही भीति नाशिककरांस समजावून सांगण्याचें कारण नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं येथील विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडलें. पुढें १९३७ सालीं याच शहरांत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केलें. त्यांच्या राजकारणाविषयीं मतभेद पुष्कळ आहेत. परंतु निःशस्त्र झालेल्या समाजाच्या मुलांनीं लष्करी शिक्षण घ्यावें, हा त्यामागील हेतु त्या काळाचीच साक्ष देतो.

स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापति दादासाहेब मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. ईशापूरला .३१५ च्या रायफली व पुण्याजवळ खडकीस तिचीं काडतुसें होऊं लागलीं. परंतु १९५९ च्या नव्या कायद्यानेंही निषिद्ध बोअरची कल्पना कायम ठेविली. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें हौसेच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. निशाण व हरिण यांची अशी फारकत झाली. निशाणाची बाजू भरभराटीस आली: नाशकांत नेमबाजीचे धडे गिरविलेल्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें, तें .२२ च्याच रायफलीनें.

मग हरणाचा प्रश्न मिटला काय? पुरता नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत येवल्याकडील ममदापूरच्या माळांवर काळविटांचे कळप आहेत, आणि ते शेतांत शिरतात म्हणून शेतकरी कष्टी आहे. काळविटास कायद्याचें पूर्ण संरक्षण आहे व तें असावेंच. परंतु रानडुक्कर व रोही यांनीं पिकांची नासाडी केल्यास त्यांस मारण्याच्या परवानगीची सोय महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं केली. अशा वेळीं परवानाधारक घरांत जें हत्यार असेल तेंच घेऊन निघणार.

येथें इंग्लंडचा एक कायदा पाहण्याजोगा आहे. हरणांविषयींच्या १९९१ च्या त्या कायद्यानें ठरविलें कीं, .२४० इंचाहून लहान बोअरची अथवा २३०५ ज्यूलांहून कमी शक्तीची रायफल हरणावर चालवूं नये, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असावी. अगदीं लहान जातींच्या हरणांपुरती पुढें थोडी सवलत दिली गेली. म्हणजे तेथें जनावराच्या कळवळ्यानें खालची मर्यादा घातली. येथें प्रजेच्या धास्तीनें वरची घातली गेली. इंग्रज गेला, तरी आपण त्याची धास्ती तेवढी जपून ठेविली. वरची मर्यादा खुशाल राहो; अराजक कोणासच नको आहे. परंतु जेथें जनावर मारण्याची परवानगी द्यावयाची, तेथें त्या परवान्यावर दुबळ्या नळीस मनाई करणारी एक ओळ अवश्य असावी, एवढीच माझी सूचना आहे.