आपलं, परकं आणि मूलपेशी

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एक प्रश्न विचारत आलो : ‘मी’ कुठे संपतो? वैद्यकाकडे याचं सोपं उत्तर असेल, असं आम्हाला वाटे. आपलं ते राखायचं, परकं ते हाकलायचं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

१९४५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला रे ओवेन यांना जुळ्या वासरांच्या अंगात एकमेकांचं रक्त आढळलं, तेही मोठेपणी. रक्तपेशी तर काही महिन्यांत मरतात. ओवेन यांनी ताडलं, की गर्भात असताना रक्त घडवणाऱ्या मूळ पेशीच इकडून तिकडे गेल्या आणि तिथे नांदल्या. १९५३ मध्ये पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. म्हणजे आपपरभाव बराचसा शिकलेला असतो.

पण शिकण्याचं वय उलटल्यावर काय? रक्ताच्या कर्करोगात दुसऱ्याच्या मूलपेशी देतात, तेव्हा कधी उलटंच होतं. पाहुण्या पेशीच यजमानाच्या शरीरावर तुटून पडतात. २००४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी अशा एका नऊ वर्षांच्या मुलाची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. आतडं आणि यकृत ग्रासलेलं, औषधं थकलेली. त्याला आईच्या अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी दिल्या, अर्ध्याच जुळणाऱ्या, आणि तो सावरला. या पेशी दाहाची चाहूल लागताच रसायनं सोडतात आणि चवताळलेल्या टी-पेशींना आवरतात.

आता, एका मुलावरून सिद्धान्त होत नाही. पुढच्या चाचण्यांत यशही आलं, निराशाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याच आजारासाठी, स्टेरॉइड लागू न पडलेल्या मुलांकरता, अशा पेशींच्या उपचाराला मान्यता दिली.

शेवटी नावाबद्दल. १९९१ मध्ये या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ते बदला म्हटलं. या पेशी शरीरात जाऊन नवा अवयव बनत नाहीत. त्या निरोप देतात. नावामुळे रुग्णाची फसगत होते, ही त्यांची तक्रार. म्हणून गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर कुणी ‘स्टेम सेल’ विकू लागला, तर आपण एवढंच विचारावं : कोणत्या आजारावर, आणि कोणत्या चाचणीत सिद्ध झालं?